कधी उघडलेलं पाहिलं नाही

२ नोव्हेंबर
वरवट बकाल गावातल्या यांच्या छपाईच्या दुकानाचं कुलूप आज काढलं. हे गेले त्या श्रावणापासून बंद होतं. लग्नाच्या, तेरवीच्या पत्रिका आता मी छापणार. धाकटे दीर रामराव म्हणाले, "वहिनी, तुळशीच्या लग्नापर्यंत एक पत्रिका काढून दाखवा. नाही तं मोबाइलवाला शटर भाड्यानं मागून राह्यला." एक काय, ढीग काढीन. शाळेत न जाता वाचायला शिकले, हे तर नुसतं कॉम्प्युटर.

३ नोव्हेंबर, सकाळ
फार मंद चालतं. मी चहा करून पिते तेव्हा कुठे स्क्रीन उजळते. लायब्ररीतल्या पुस्तकात आहे: नको असलेलं सॉफ्टवेअर काढा, वेग वाढतो. नियम ठरवला. यांना जे उघडताना मी कधी पाहिलं नाही, ते नको असलेलं. रोज जेवण घेऊन यायचे मी. मला नाही तर कोणाला माहीत?

दुपार
पत्त्यांचा खेळ काढला. कॅमेऱ्याचं काढलं. एक इंग्रजी नावाचं होतं, कशाचं कोण जाणे, कधी उघडलेलं पाहिलं नाही. काढलं. सून योगिनी म्हणाली, "आई, जे समजत नाही त्याले हात नका लावू." म्हटलं, तुझी भाजीही मला समजत नाही, तरी खाते ना. रडली.
दर वेळी मशीन विचारतं, नक्की काढायचं? हे गेल्यापासून मला विचारून काही करणारं हे पहिलंच. दर वेळी हो म्हटलं.

५ नोव्हेंबर
पहिलं गिऱ्हाईक. जनकाबाईच्या सासूची तेरवी. यांची रीत सोपी: जुनी पत्रिका उघडायची, नावं बदलायची. उघडली. अक्षरं गेलेली, जागोजाग कंस, टोप्या घातलेली चिन्हं, इंग्रजीचे तुकडे. व्हायरस असणार. जनकाबाई वाकून बघत म्हणाली, "माई सासू तं मराठीच बोले वो बाई."
उद्या या म्हटलं.

६ नोव्हेंबर
दोन अँटीव्हायरस टाकले, एक चुकलं तर दुसरं असावं. दोघंही एकमेकांनाच व्हायरस म्हणतात. मधे मशीन अडकलंय. घरीही हेच बघते.
दोन्ही काढले. अक्षरं तशीच.

८ नोव्हेंबर
योगिनीने शोधलं. ते इंग्रजी नावाचं म्हणजे यांचं मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर. ते उघडावं लागत नाही, आत असलं की पुरे. परत टाकायला यांची सीडी हवी.
घरातल्या कपाटातल्या सगळ्या सीड्या दसऱ्याला मीच रामरावांच्या ज्वारीवर टांगल्या. पाखरं बसू नयेत म्हणून. योगिनी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

९ नोव्हेंबर
सीड्या सोडून आणल्या. उन्हाने चंदेरी पापुद्रे सुटलेत. पुसून, फुंकून लावल्या. एकही चालली नाही. रामराव म्हणाले, "पाखरं मात्र लय भ्याली, वहिनी." पुतणे हसले.

११ नोव्हेंबर
जनकाबाईची पत्रिका आली. संग्रामपूरला छापली. अक्षरं यांच्यासारखी नाहीत. यांची जास्त गोल होती.
तुळशीचं लग्न अजून व्हायचंय. वेळ आहे.

१५ नोव्हेंबर
तुळशीचं लग्न लागलं. मोबाइलवाल्याने शटर निळं रंगवलं. रामरावांनी संग्रामपूरच्या दुरुस्तीवाल्या दीपककडून कॉम्प्युटर आतून सगळं साफ करून घरी पाठवलं. "तुमच्यासाठीच केलं वहिनी, आता कसं पळते पाहा." यांनी केलेल्या सगळ्या पत्रिका त्यात होत्या. गावातली सगळी लग्नं, सगळ्या तेरव्या. योगिनीच्या लग्नाचीसुद्धा.
नक्की काढायचं, हे मशीनने दीपकला विचारलं असेल.
आता बटण दाबलं की लगेच उजळतं. चहा ठेवायलाही वेळ मिळत नाही.