येते म्हणून गेलेले

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज तुझ्याशीच बोलावंसं वाटतंय, म्हणून हे लिहितेय. माझा रिपोर्ट आज मिळणार आहे. हे खाली रिक्षा थांबवून उभे आहेत आणि मी चपलांसकट स्वयंपाकघरात येऊन बसले आहे. तू असतीस तर आधी त्या चपलांवरूनच बोलली असतीस. दारातून निघताना माझ्या तोंडून 'जाते' निघून गेलं. नोकरीच्या पहिल्या दिवशीही असंच झालं होतं. तू विड्यांचं सूप मांडीवरून खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "जाते न्हाय म्हनायचं, येते म्हनायचं. ये आत, बस वाईच, मग नीघ." पहिल्याच दिवशी उशीर झाला म्हणून मी संध्याकाळपर्यंत तुझ्यावर धुमसत होते.

ती नोकरी कसली, हे तुला एकदा घरीच लॅपटॉपवर दाखवलं होतं. उपचार घेतलेल्यांपैकी किती जण किती काळ जगतील याचा अंदाज बांधायचा, त्याची रेघ काढायची. कुणी गेलं की रेघ एक पायरी उतरते. जे तपासणीला यायचेच बंद होतात, त्यांची रेघेवर नुसती बारीक खूण. त्यांच्यासाठी ती उतरत नाही. तू त्या खुणेवर बोट ठेवून विचारतेस, "ही मानसं कुटं हायत?" माहीत नाही, मी म्हणते. "मग जित्ती हायत म्हन की." मी हसून समजावते, शेवटचे आले त्या दिवसापर्यंतच जिवंत धरायचं, पुढचं कुणालाच ठाऊक नसतं. तुला ते पटत नाही. तू पुन्हा विड्या वळायला घेतेस.

आता मीच त्या रेघेवर आहे. माझ्या आजाराची रेघ मीच काढलेली, ती कुठे घसरते ते मला पाठ आहे. डॉक्टर धीर देतात, हे नवस बोलतात, आणि मला ती घसरण सोडून काही दिसत नाही. फार भीती वाटतेय गं. आज गेलेच नाही तर मीही नुसती खूण होऊन राहीन, माझ्यापाशी रेघ उतरणार नाही, असलं खूळ डोक्यात घोळतंय. जन्मभर हेच काम केलेल्या बाईला हे शोभत नाही, कळतंय मला.

मघाशी दवाखान्यातून फोन आला, "मॅडम, येताय ना?" येते, म्हणाले. अशाच 'येते' म्हणून गेलेल्यांच्या किती खुणा मी केल्या असतील.

खालून यांची पुन्हा हाक आली. हा कागद पिठाच्या डब्याखाली सरकवते. तू सांगितलंस तसं आत येऊन बसले, आई. वाईच बसूनही झालं. पण खरं सांगू? चपला मी केव्हाच काढून ठेवल्यात.