कोल्हा उजवीकडे

९ जुलै. उयुनी.
निघालो! जीपच्या चाकांवर बियर शिंपडली, पहिला घोट धरणीमायला, कोकाची पानं गालात. मागे कोरियाचे पाहुणे, म्हातारा-म्हातारी. आपल्या भाषेतले त्यांना दोनच शब्द येतात — 'धन्यवाद' आणि 'संडास'. शेजारी कासिल्दा, बायकोची धाकटी बहीण. स्वयंपाकाला दर फेरीत तीच.
चढताना नेहमीचं टुमणं — "दाजी, एकदा तरी स्टिअरिंग द्या की! नवरा होता तेव्हा त्याचा ट्रक मीच हाकत होते."
"तो ट्रक होता की गाढव?"
"गाढव घरी झोपलेलं असायचं," म्हणाली. हसून पुरेवाट.

पोतोसीच्या डॉक्टरचं कोणाला बोललो नाही. दोन्ही डोळ्यांचं मधलं दिसणं गेलं, परत यायचं नाही, गाडी बंद! कागद कोकाच्या डब्यात, तळाशी. बंद म्हणे! खाणीत ढिगारे उपसणारा मी, हिलारियोन लुपा, तीन गाड्यांचा मालक झालो तो याच चाकावर. बावीस वर्षं. कडेकडेनं दिसतं अजून. आणि रस्ता कानाला पाठ आहे — मीठ करकरतं, खडी तडतडते, वाळू गप्प बसते. ही फेरी धड पार पडली तर हंगामभर चाक सोडणार नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
मिठाचं मैदान पार. ज्वालामुखीचं टोक नाकासमोर धरून हाकायचं ही आमची रीत. आज नाकासमोर नुसतं पांढरं. मान तिरकी करून टोक पकडलं.
"मानेला काय झालं, दाजी?"
"उशीवरून लचकली."

१० जुलै. लाल तळं.
कासिल्दाच्या जिभेला आज विसावा नाही. "डावीकडे विकुन्यांचा कळप! पुढे मोठा दगड, बघा! आता तळं, उजव्या हाताला!" मागच्यांना काय कळतंय? पण माना डोलावतात बिचारे. जाऊ दे — तेवढंच माझ्याकडे कोणी बघत नाही.
सिलोलीच्या वाळवंटात पुढच्या जीपनं धूळ उडवली. काही म्हणता काही दिसेना. कान दिला. आमचं इंजिन — आणि त्याच्याखाली आणखी एक घरघर. कुठून? तेवढ्यात ही ओरडली, "दाजी, उजवीकडे कोल्हा! घ्या उजवीकडे, दाखवा त्यांना!" चाक वळवलं. डावीकडून ट्रक घासून गेला. आरसा उडाला!! त्या गडबडीत खिंड कधी ओलांडली तेही कळलं नाही.
कोल्ह्यानं चार जीव वाचवले. कासिल्दाचं बोट बघून म्हातारा-म्हातारी काचेला नाक लावून शोधत बसली. दिसला नाही. पळाला असेल.

११ जुलै. सरहद्द.
वाफेची कुंडं झाली, हिरवं तळं झालं. पाहुण्यांना चिलीच्या बसमध्ये बसवलं. म्हातारीनं कासिल्दाचे दोन्ही हात धरले, कमरेत वाकली. मला नुसतं 'धन्यवाद'. असो. जमलं! कोणाला पत्ता नाही. हंगाम माझा!

१२ जुलै. खिंड.
इथे दगडांची रास आहे. प्रत्येक ड्रायव्हर उतरतो, दगड ठेवतो, घोटभर दारू ओततो, मगच पुढे जातो.
"थांबा," कासिल्दा म्हणाली. उतरून तिनं दोन दगड ठेवले.
"दोन कशाला?"
"एक आजचा. एक परवाचा. परवा तुम्ही न थांबता गेलात, दाजी. बावीस वर्षांत पहिल्यांदा."
वारा जोराचा होता. मी विचारलं, "आणि कोल्हा?"
"कसला कोल्हा?"
"कधीपासून माहीत आहे तुला?"
"कोकाचा डबा कोण भरतं दर वेळी?"
तळहात पुढे करून उभी राहिली. किल्ली दिली.