अंगठ्याला बांधलेली दोरी

आये, गेल्या महिन्यात परळच्या इस्पितळात एका डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "काका, लहानपणी हिचं लक्ष कुठे असायचं?" माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "खिडकीबाहेर." त्या तुझ्या नातीबद्दल विचारत होत्या आणि मला मात्र आपली लालबागची खोली दिसायला लागली, चूल दिसली, चुलीपाशी पाटावर बसलेली तू दिसलीस. तू नातीला पाहिलं नाहीस. ती जन्माला यायच्या आधीच तू गेलीस. आता तिलाही मुलगी झाली आहे. बाळंतपणाला ती माहेरी आली, पण माहेरात आई नाही, तुझी सूनही मागेच गेली, तेव्हा बाळंतिणीच्या दिमतीला कोण, तर मी. मालिशवाली बाई यायची, डिंकाचे लाडू दादरहून विकत आणले, अळिवाची खीर मात्र घरीच करायची असं मनाशी ठरवलं आणि दोनदा करपवली. खीर ढवळता ढवळता मला सहावीच्या पुस्तकातली नदीची कविता आठवायला लागली होती. तिसरं कडवं येईना, त्याच्यामागे लागलो, तोवर खाली भांडं काळं झालं होतं. पोर हसून म्हणाली, "बाबा, तू कविता वाढ, खीर राहू दे."

हसत होती तोवर बरं होतं. मग एका दुपारी मी वाचनालयातून परत आलो तर जिन्यातच बाळाचं रडणं ऐकू आलं. दाराला बाहेरून कुलूप. माझ्याकडची किल्ली लावून आत गेलो, तर पाळण्यात बाळ एकटं, रडून रडून लाल झालेलं. उचलून घेतलं, खांद्यावर टाकलं, गप्प झालं बिचारं. थोड्या वेळाने पोर जिना चढून आली. एका हातात लंगोटांचं पुडकं, दुसऱ्या हातात द्राक्षं. खाली दुकानात गेली होती, तिथे शाळेतली मैत्रीण भेटली, बोलत बोलत दोघी बाजारापर्यंत गेल्या. दारात तिची नजर माझ्या खांद्यावर गेली आणि ती उंबऱ्यातच थांबली. "बाबा," ती म्हणाली, "मी हिला विसरले. घरी बाळ आहे हेच माझ्या डोक्यात नव्हतं." द्राक्षं तशीच हातात. मी म्हटलं, अगं होतं, झोप नाही तुझी. ती म्हणाली, "झोपेचं नाहीये हे. माझं हे आधीपासूनचं आहे, मला माहितीये." आणि तिनेच चौकशी करून त्या डॉक्टरीणबाई शोधल्या. त्यांनी सांगून पाठवलं, लहानपणापासून ओळखणारं माणूस सोबत आणा. असं माणूस आता मी एकटाच. बाळाला मालिशवाल्या बाईपाशी ठेवलं आणि आम्ही दोघं गेलो.

आये, मी तिथे गेलो ते पोरीची बाजू मांडायला, एखादा वकील जातो तसा. "हुशार आहे हो फार," असं सुरूही केलं. पण पोर खाली मान घालून ओढणीचा काठ गुंडाळत बसली होती. तिच्याकडे पाहिलं आणि कळलं की तिला वकील नको, साक्षीदार हवाय. मग सांगितलं सगळं. वही शाळेत राहायची, डबा बसमध्ये. एक वेणी घातलेली आणि दुसऱ्या बाजूचे केस मोकळे, अशी ही गॅलरीत कबुतरं बघत उभी राहायची. मी हाक मारायला गेलो की मीही शेजारी उभा. मग आतून हिची आई ओरडायची, "एकाला बोलवायला दुसरा गेला, आता दुसऱ्याला बोलवायला कोण जाणार?" डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांनी विचारलं, वस्तू हरवायची का? मी म्हटलं, छत्री तर विचारू नका, आणि एकदा अर्धी दाढी करून कामावर गेलो होतो. "काका," त्या म्हणाल्या, "आपण तिच्याबद्दल बोलतोय." त्या आठवड्यात पोर पहिल्यांदा हसली.

त्यांनी त्याचं नाव सांगितलं, एडीएचडी. लक्ष हवं तिथे आणि हवा तेवढा वेळ थांबत नाही, हे जन्माचंच असतं म्हणाल्या. मुलगी असली की तिला धांदरट म्हणून सोडून देतात. मग पुढे अंगावर मूल पडतं, झोप तुटते, आणि इतकी वर्षं कसंबसं सावरून धरलेलं सगळं हातातून सुटतं. औषध आहे, सवयी लावता येतात, पुढची तारीख देते. छान समजावून सांगितलं. पण टॅक्सीत बसल्यावर पोर रडायला लागली. "इतकी वर्षं मला वाटायचं मी आळशी आहे. आईलापण तेच वाटायचं." मी तिचा हात धरला. थोड्या वेळाने ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "पण नाव कळलं म्हणून बाळ सांभाळलं जाणार आहे का, बाबा? रविवारी हा न्यायला येईल. ठाण्याला दिवसभर मी आणि ती, दोघीच. मी ठरवलंय, हिला सासूबाईंकडे नाशिकला ठेवायचं. मी नीट होईपर्यंत." मी म्हटलं, अगं अंगावर पितं मूल आहे. तर म्हणाली, "पोटच्या पोरीला विसरते अशी कुठली आई असते, सांग ना? एक तरी सांग."

मी टॅक्सीच्या खिडकीतून बाहेर बघत बसलो. जिथे दादांची गिरणी होती तिथे आता काचेची इमारत आहे, तिच्या आडून जुनं धुराडं तेवढं दिसतं. धुराडं दिसलं आणि भोंगा आठवला. आये, तुझा सगळा दिवस भोंग्यावर चालायचा. एक भोंगा झाला की तांदूळ धुवायचे, दुसरा झाला की पानं मांडायची. कोकणातून आलेले, बिऱ्हाड गावी ठेवलेले ते सगळे गिरणीकामगार आपल्या खोलीत पंगतीला बसायचे. कुणाचं पान कधी चुकलं नाही की आमटी कधी कमी पडली नाही. मग संप झाला. भोंगा थांबला. खानावळीतले एकेक जण ट्रंका घेऊन गावी निघून गेले, दादा दिवसभर भोईवाड्याच्या बाजूला सभांना, आणि नेमकी त्याच वर्षी माझी धाकटी बहीण जन्माला आली. मी मॅट्रिकला होतो. खोली एवढी गप्प कधीच नव्हती. तू तांदूळ निवडायला बसायचीस आणि सूप मांडीवर ठेवून कुठेतरी बघत राहायचीस. दुपार कलली तरी चूल थंड. मी काही बोलायचो नाही, कारण मीही पुस्तक उघडून तसाच बसलेला असायचो. मला वाटायचं, आपण दोघं एकाच ठिकाणी जाऊन बसलोय.

त्याच दिवसांत तू पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायला लागलीस. तसं सगळ्याच बायका बांधायच्या, हात कामात आणि पायाने झोका. पण तू काम संपलं तरी सोडायची नाहीस. जेवतानाही अंगठ्याला दोरी, समोरची काकी गप्पा मारायला आली तरी दोरी. आमच्या शाळेच्या भिंतीवर पाळण्याच्या दोरीचं एक वाक्य रंगवलेलं होतं, त्यात मात्र हात होता. मला तुझ्या पायाचा अभिमान वाटायचा.

आणि मग तो दिवस. तू भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होतीस. अंगठ्याला दोरी रुतून वळ उठला होता. धाकटी शांत निजलेली. मला तुझी दया आली. मी हलक्या हाताने गाठ सोडली, तुझे पाय सरळ केले, अंगावर चादर घातली. तू जागी झालीस, पायाकडे पाहिलंस आणि उठून माझ्या थोबाडीत मारलीस. उभ्या जन्मात तेवढीच एक. "दोरी कोणी सोडल्यान? कोणी सांगितलान तुका सोडूक?" असं ओरडत तू पाळण्याशी धावलीस. धाकटी झोपेतच होती, तरी तिला उचलून छातीशी गच्च धरलंस. मी गॅलरीत जाऊन रडलो. गालापेक्षा आत जास्त लागलं होतं, मी तर चांगलंच केलं होतं ना?

संध्याकाळी तू मला बोलावलंस. माफीबिफी आपल्याकडे कोण मागतंय! तू जुन्या लुगड्याच्या काठाची एक पट्टी फाडलीस, तिचं एक टोक माझ्या मनगटाला बांधलंस, दुसरं आपल्या दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला. "एक पाय तिचो, एक पाय तुझो," म्हणालीस. "आता म्हण तुझी कविता. थांबलंस काय ओढतलंय." तुला अक्षर वाचता येत नव्हतं, पण माझा सूर तुटला की तुझा अंगठा हलायचा, मनगटाला हिसका बसायचा आणि मी खिडकीतून परत पुस्तकात. खानावळीतला गावी न गेलेला एकजण उरला होता. त्याने एकदा दारातून पाहिलं आणि म्हणाला, "वयनी, गाडयेक जुपलेल्या बैलासारखी दिसतास गे!" तू भाकरी थापता थापता त्याला म्हणालीस, "मगे? सुटान गेलंय तर तुका जेवक कोण वाढतला?" मॅट्रिकच्या सगळ्या कविता मी त्या पट्टीवर पाठ केल्या. अजून येतात.

टॅक्सीत हे सगळं आठवलं, तरी तू मला का मारलंस ही गाठ सुटत नव्हती. ती सुटली घरी, पोरीने मालिशवालीकडून बाळाला कमरेवर घेतलं तेव्हा. चाळीत मला 'नळावरचो' म्हणायचे, तुला आठवत असेल. काकी तर येताजाता, "ह्येच्या आवशीन ह्येका नळार इसारल्यान! कमरेर कळशी होती, तिका वाटला झीलच हा!" आईने पोर नळावर विसरलं आणि कमरेवरच्या कळशीलाच पोर समजून घरी आली, यावर सगळे हसायचे. मीही हसायचो. प्रत्येक पोराला असंच काहीतरी सांगतात, कुणाला बोहारणीकडून भांड्यावर घेतलं म्हणतात, कुणी देवळाच्या पायरीवर सापडलेला, तसा मी नळावरचा, एवढंच वाटायचं. पण आये, तू कधी हसली नाहीस. ते सुरू झालं की तू उठून आत चुलीत फुंकर मारायला जायचीस. चूल पेटलेली असली तरी.

मी पोरीला समोर बसवलं आणि सांगितलं. नळ सांगितला, कळशी सांगितली, दोरी आणि ती थोबाडीत. म्हटलं, तू विचारलंस ना कुठली आई, तर ही. तुझी आजी. तिने बाळाला मांडीवर सरळ केलं. मग म्हणाली, "नक्की खरं आहे का हे, बाबा?" मी म्हटलं, विचारायला आता कोणी उरलं नाही. पण कमरेवर कळशी असेल तर कमर रिकामी वाटणार नाही, हे मला पटतं. मी तिथे राहिलो आणि कुणीतरी मला वर आणून दिलं, आणि त्यानंतर तिने दोन पोरं वाढवली. "स्वतःला काय म्हणायची ती?" पोरीने विचारलं. मी म्हटलं, काय माहीत. दोरी बांधायची. त्यावर पोर रडली, पण टॅक्सीतल्यासारखी नाही. नाक पुसून उठली, दांडीवरच्या माझ्या धुतलेल्या लेंग्याची नाडी खेचून काढली आणि पाळण्याला बांधायला बसली. मी म्हटलं, अगं मोबाईलमध्ये गजर असतात. "तेही लावणारे," ती म्हणाली. "पण गजर बंद करता येतो रे."

रविवारी जावई आला. नाशिकचं निघालं तेव्हा ती म्हणाली, "ते नंतर बघू, आधी माझी पुढची तारीख होऊ दे." त्याचा चेहरा जरा काळजीचाच होता, माझाही असेल. नाडी तिने पर्समध्ये टाकली होती. ठाण्याहून रोज फोन येतो. कधी हसते, कधी म्हणते आज दूध उतू गेलं, पण बाळ कडेवर होतं. काल म्हणाली, "बाबा, अंगठा दुखतोय." मी म्हटलं, दुखू दे.

हे पत्र कुठे पाठवणार? तुला वाचता यायचं नाही, गावाहून आलेलं पत्रही मीच वाचून दाखवायचो, म्हणजे हेही मीच वाचणार आणि मीच ऐकणार. कपाटात ठेवून देतो. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की ती थोबाडीत मला कळली. उशीर झाला. पण खरं सांगू? हे लिहिताना मी कितीदा तरी मध्येच थांबलो, खिडकीकडे बघत राहिलो, आणि प्रत्येक वेळी डावं मनगट टेबलावर तसंच पुढे करून ठेवलं होतं. म्हटलं, ओढशील.