केबल मुरेपर्यंत

रविवार, १४ मे
माझी म्युझिक सिस्टीम आली! बाबांनी लगेच माळ्यावरून वायरचं भेंडोळं काढलं. हॉलचं वायरिंग केलं तेव्हाचं उरलेलं. म्हणाले, ही लाव, तांबं चांगलं जाड आहे. मी समजावलं की बल्ब लावणं वेगळं आणि म्युझिक वेगळं. ते "बरं" म्हणाले आणि भेंडोळं घेऊन गेले. सध्या बॉक्समधली बारीक वायर लावलीय. टेम्पररी.

रविवार, ४ जून
काल चुलतभावाकडे, दादाकडे गेलो होतो. त्याने पण सिस्टीम घेतलीय. (आयडिया माझी.) बाबा तिथे डोळे मिटून चाळीस मिनिटं बसले. वर म्हणतात, "गाणारा अगदी समोर बसलाय रे!"
आमच्याकडे हेच बाबा दुसऱ्या कडव्याला पाणी प्यायला उठतात आणि परत येत नाहीत. मी तर दर मिनिटाला पॉज करून बारकावे पण समजावतो. दादा नुसता गप्प बसतो.
मी जेलस नाहीये. रिसर्च करतोय.

४ जून, दुपारी
रिसर्च झाला. स्पीकर माझे बेटर, अ‍ॅम्प सेम. म्हणजे फरक केबलचा. त्याची केबल गालिच्याखालून जाते, दिसत नाही. लपवतोय म्हणजे भारीच असणार.
संकल्प: या महिन्यात बाबा आपल्या हॉलमध्ये डोळे मिटून बसले पाहिजेत. पूर्ण गाणं.

बुधवार, ७ जून
बजेटमध्ये दोनच केबल बसत होत्या. दुकानात दोन्ही अर्धा तास हातात धरून उभा होतो. सेल्समन म्हणाला, शंभर तास गाणी वाजवून केबल मुरू द्या, मग मजा बघा. निळी, जाड घेतली. एका तारेवर लाल रेघ आहे. क्लासी.

शनिवार, १० जून
लावली. काय फरक आहे! आवाज हॉलभर पसरलाय. बेस इतका क्लीन की जवळजवळ ऐकूच येत नाही.
बाबा म्हणाले, "गाणारा नेमका बसलाय कुठे? शोधावा लागतोय." मग पाणी.
मुरायची आहे अजून.

बुधवार, १४ जून
केबल जमिनीला टेकली की आवाज खराब होतो (फोरमवर वाचलं). आईच्या कपड्यांच्या चिमट्यांवर उचलून ठेवली. चोवीस लागले. आई म्हणाली, "तुझ्या तारा वाळत घाल तू. माझे कपडे उडाले की खाली पळायचं." दोनदा पळालो.
दुसऱ्यांदा गेलो तर बाबा दादाच्या स्कूटरवर मागे बसलेले. "जरा चक्कर मारून येतो." चक्कर! दोन तास! मी खाली उशीचा अभ्रा हातात घेऊन उभा.

शुक्रवार, २३ जून
ब्याण्णव तास झाले. रविवारी दादाला बोलावलंय. त्याचा चेहरा बघायचाय.

रविवार, २५ जून, संध्याकाळी ६
दादा आला. अर्धा मिनिट ऐकलं आणि सरळ स्पीकरच्या मागे जाऊन उकिडवा बसला. मी त्याला मुरण्याबद्दल सांगत होतो. तो म्हणाला, "अरे राजा, एका स्पीकरच्या तारा उलट्या लावल्यास. ती लाल रेघ त्यासाठीच असते. एक स्पीकर हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय."
दोन तारांची अदलाबदल केली, दहा सेकंदात. बेस आला. गाणारा मधोमध येऊन बसला.
मी म्हटलं, ठीक आहे, पण तुझी केबल कुठली ते तरी सांग.
"माझी? काकांनीच दिली की. तुमच्या हॉलची उरलेली. तू नको म्हणालास म्हणे. एकदम मस्त आहे."
आई चिमटे गोळा करत होती. हसली नाही. निदान माझ्यासमोर तरी.

संध्याकाळी ७.३०
दादा गेला. गाणं चालूच होतं. बाबा आले, बसले. डोळे मिटले. पूर्ण गाणं. मग पुढचं. मी एकदाही पॉज केलं नाही, एक शब्द बोललो नाही. बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पाण्याचा ग्लास तसाच भरलेला.
शेवटी डोळे उघडून म्हणाले, "वा! आज अगदी दादाकडे बसल्यासारखं वाटलं."

८.००
फरक गालिच्याचा असणार. उद्या रेट काढतो.