हलकी बॉडी

३ मार्च, सोमवार

नात पंधरा दिवस फिरायला निघालीय आणि बरोबर एका आजीला नेणार आहे. एकीलाच! आणि आजी आहेत दोन. एक मी, दुसऱ्या विहीणबाई, म्हणजे सुनेची आई. लहानपणी नातीने आम्हाला नावं ठेवली ती चिकटलीच. मी उशीआजी, त्या काठीआजी. का ते आम्हा दोघींना शेजारी उभं केलं की कळतं.

काठीआजी निम्मं जग बघून आल्यात. नातीच्या खोलीत भिंतभर त्यांनी काढलेले फोटो आहेत. डोंगर, बोटी, बर्फ, बर्फातली बोट. मी काही मोजत बसले नाही. एकवीस आहेत.

आणि मी? तीस वर्षं घरातून बेकरीत आणि बेकरीतून घरात. झाला माझा प्रवास.

४ मार्च, मंगळवार

कोणाला नेणार ते अजून बोलत नाही. तोंडात फक्त कॅमेरा.

६ मार्च, गुरुवार

आज स्वयंपाकघरातल्या काट्यावर, जिथे मी पीठ मोजते तिथे, नातीने कॅमेरा ठेवला. काठीआजींनी तिला दिलेला. मोठ्या लेन्ससकट पावणेदोन किलो भरला! आधी फडकं तरी अंथरायचं.

म्हणते, हा नेला तर दोन दिवसांत मान धरेल. आता हलका घ्यायचा, आत आरसा नसलेला. आत आरसा असतो हेच मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, आरशासमोरून उठली की बाईसुद्धा हलकी होते. हसली. मग मीही हसले. पण मनात आलं, एवढं वजन गळ्यात घालून काठीआजी डोंगर चढल्या. मला तर जिन्यात दोनदा थांबावं लागतं. जळफळाट झाला अगदी. लिहून टाकलं म्हणजे कमी होतो म्हणतात. बघू.

८ मार्च, शनिवार

कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो! मला मुद्दाम नेलं. दुकानदार विचारतो, बॉडी कुठली बघताय? मी घाबरलेच. मग कळलं, लेन्स काढल्यावर जो नुसता डबा उरतो त्याला ते बॉडी म्हणतात. नाव ठेवायला दुसरं काही सुचलं नाही का यांना!

एक चिमुकली दाखवली. म्हणाला, तीनशे ऐंशी ग्रॅम फक्त. मी तळहातावर घेतली, जरा झुलवली. म्हटलं, "चारशे तीसच्या खाली नाही ही."

तो नुसता हसला. आजीला काय कळतंय, असं. नातीने काट्यावर ठेवायला लावलं. चारशे बत्तीस! बॅटरी न धरता वजन सांगत होता लबाड. नात मोठ्याने म्हणाली, आमची आजी बेकरीत पावाचे गोळे हातानं तोडायची, मालक काट्यावर टाकून बघायचा. मालकानं चार दिवसांनी बघणं सोडून दिलं होतं, हे मी पुढे जोडलं. दुकानदारानं मला खुर्ची दिली.

मग तो तीन-तीन लेन्स काढून बसला. त्यातली लांबलचक लावली तर कॅमेरा पुढे मान टाकायला लागला, पेंगणाऱ्या माणसासारखा. मी म्हटलं, अंगापेक्षा नाक जड झालंय. एकच आखूड झूम लेन्स घे, जवळचंही येईल, जरा लांबचंही येईल, आणि सारखी काढघाल नको. नातीने तेच घेतलं! माझं ऐकून!

एक गोष्ट मात्र कळली नाही. पैसे द्यायच्या आधी म्हणाली, "आजी, एका हातात पाच मिनिटं धर. अंगठा दुखतो का बघ." मी धरला. नाही दुखला.

१० मार्च, सोमवार

लिहू नये, पण लिहिते. नात मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मी कपड्यांच्या घड्या करत होते. कान काही मी लावला नव्हता, दार उघडं होतं.

"जुनी फार जड आहे गं. चढावर जीव जातो. वय झालं आता तिचं, तिला घरीच ठेवते. हलकीच नेणार."

माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो. काठीआजींचं पंचेचाळीस असेल, तेही चपलांसकट.

११ मार्च, मंगळवार

जेवताना दुसऱ्यांदा घेतलं नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुपारी त्याच आल्या, काठीआजी. सून घरात नव्हती, बसावं लागलं त्यांच्यासमोर. हात मांडीवर एकावर एक ठेवून ताठ बसल्या. म्हणाल्या, दुकानात तुमच्या हातानं काट्याला हरवलं म्हणे. टोमणाच वाटला मला. मी म्हटलं, आमचे हात पिठातले हो, तुमचे जग फिरून आलेले. त्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. जाताना कप तसाच, भरलेला. माझ्या हातचा चहासुद्धा चालत नाही आता!

१२ मार्च, बुधवार

राहवलं नाही. नातीला म्हटलं, हलक्या आजीला ने हो, आम्ही आपली जड माणसं घरीच बरी. तिला आधी कळेना. मग कळलं तशी हसत हसत जमिनीवरच बसली. "अगं आजी, बॉडी! जुनी बॉडी जड आहे, कॅमेऱ्याची!"

आणि मी जाणार आहे. मी! सरप्राइज ठेवलं होतं म्हणे. मी तिथेच एक गिरकी घेतली, गुडघ्यासकट.

मग विचारलं, काठीआजींना नाही विचारलंस? म्हणाली, आधी त्यांनाच विचारलं, त्या नाही म्हणाल्या.

आधी त्यांना. म्हणजे मी उरलेल्या जागेवर. गिरकी उगाच घेतली.

१५ मार्च, शनिवार

काठीआजी नातीकडून नवा कॅमेरा घेऊन स्वतः माझ्याकडे आल्या. माझ्या गळ्यात पट्टा घालत होत्या, पण कडी लागेना. बोटं थरथरत होती, थांबतच नव्हती. म्हणाल्या, "वर्षभरात माझा एक फोटो सरळ आला नाही, विहीणबाई. पोरीला मीच सांगितलं, उशीआजीला ने, तिचा हात हलत नाही. हलका घेतलाय तो तुमच्यासाठी. भिंतीवर एक जागा रिकामी करून ठेवते मी."

चहा केला. कप मी धरला, त्या प्यायल्या.