शिसवी मुठीचा सोनेरी चमचा

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राआधी तू खोकं उघडलं असशील, तुझी सवय मला ठाऊक आहे. आत तीन काटे आणि तीन चमचे आहेत, सगळे सोनेरी. तीन दुकानांतून नमुन्याला आणलेत. किंमत कळू नये म्हणून चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि मुठींना लाल, निळा, पांढरा असे दोरे बांधले. त्यांतले कुठले घ्यायचे ते तू सांगायचंस. अठ्ठावीस वर्षं मुलाम्याच्या कारखान्यात काटे-चमचे पॉलिश केलेली बाई घरात असताना मी दुकानदाराच्या गोड बोलण्यावर का भुलू?

आता मूळ बातमी. बाबांचं टेबल झालं! आयुष्यभर त्यांनी लोकांची टेबलं केली आणि आपण मांडीवर ताट घेऊन जेवलो. नव्या घरात मला जेवणाची वेगळी खोली मिळाली म्हटल्यावर सहा महिने खपून त्यांनी बारा माणसांचं टेबल उभं केलं. काळं शिसवी लाकूड, एकही खिळा नाही. पाय बसवले त्या दिवशी स्वारी टॉर्च घेऊन टेबलाखाली आडवी झाली आणि तासभर सांधे बघत पडून राहिली. शेवटी चहा मी खालीच सरकवला. सोनेरी चमच्यांना ते नाटकी म्हणतात, पण नमुने आले तेव्हा टेबलावर ठेवून लांबून बघताना मी त्यांना पकडलंय.

१५ मार्चला बाबांना सत्तर पूर्ण होतात. त्या दिवशी टेबलावरचं पहिलं जेवण. माझ्या सासरचे सहाजण, आम्ही दोघं, आमची लेक, आई, बाबा आणि तू. बरोबर बारा. फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि तू सगळ्याला हो म्हणतेस, म्हणून हे लेखी बोलावणं.

लोभ आहे तेवढा राहू दे, त्यात काटछाट नको.

तुझी,
भिंगरी


११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हो, आधी खोकंच उघडलं. पत्र कुठे पळून जाणार होतं?

लाल दोऱ्याचं मुलाम्याचं काम नव्हे, रंगाचं आहे. व्हिनेगरचा बोळा फिरवला तर बोळा पिवळा झाला आणि चमचा पांढरा. दुकानदाराला परत दे आणि माझा नमस्कार सांग.

निळ्या दोऱ्याचं सोनं खरं आहे. मूठ जाड, वजनदार, हातात भरून येते. मी कितीतरी वेळ तो चमचा नुसता धरून बसले होते. पण काट्याच्या दात्यांमधल्या फटींत बघ. मुलामा तिथे नीट धरत नाही, म्हणून आमच्याकडे नवी मुलगी आली की पहिले सहा महिने तिला फक्त फटी द्यायचे. रडायच्या बिचाऱ्या. मीही रडले होते. या लोकांनी फटी तशाच सोडून दिल्यात. वर्षभरात आतून काळं दिसायला लागेल.

पांढऱ्या दोऱ्याच्या चमच्यात सोन्याचा कणही नाही. हवा काढून घेतलेल्या भट्टीत असा सोनेरी थर चढवतात. याच भट्टीने कारखान्यातलं आमचं मुलाम्याचं खातं बंद पाडलं, तेव्हा तिचं कौतुक करताना माझी जीभ जड होते आहे. पण काम खणखणीत आहे, बाई. रबराने घासलं, व्हिनेगरमध्ये दिवसभर बुडवून ठेवलं, काही म्हणता काही झालं नाही. आणि थराखालचं पॉलिश हातचं आहे! एकेका फटीतून कुणीतरी पेस्ट लावलेली दोरी ओढलेली आहे. ती कोण मुलगी असेल तिला मी इथूनच शाबासकी दिली. मूठ बारीक आहे, पण मांडल्यावर देखणी दिसेल. डोळे मिटून हेच घे. आणि दादाला सांग, काळ्या लाकडावर सोनेरीच शोभतं. नाटकी तर नाटकी.

१५ तारखेचं मात्र जमेलसं वाटत नाही. गुडघे कुरकुरतात, शिवाय कुंड्यांना पाणी घालायला मागे कुणी नाही. तुम्ही मजेत जेवा. अक्षर वेडंवाकडं आलंय, पेन टाकाऊ आहे.

दादाला नमस्कार, वहिनीला नमस्कार, तुझ्या लेकीला पापा. रागावू नकोस, लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

आत्या


१९ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मला पत्रं लिहिता येत नाहीत, म्हणून थोडक्यात. भिंगरीने तुझं पत्र वाचून दाखवलं. नंतर मी ते मागून घेतलं आणि चष्मा लावून बघितलं. पेनला बोल लावू नकोस. लाकडावर रेघा मारण्यात माझा जन्म गेला, हात हलून वाकडी झालेली रेघ मला कळते.

गेल्या खेपेस मी आलो तेव्हा तू अर्धाच कप चहा घेतलास, तोही दोन्ही हातांनी. मी बघतोय असं दिसल्यावर कप खाली ठेवलास. तेव्हा मी विचारलं नाही, ही माझी चूक.

कुंड्यांचं कारण मला सांगू नकोस. तुझ्याकडे एक कुंडी आहे आणि तिच्यात कोरफड आहे. खरं काय ते लिही. बारावी खुर्ची मी तुझ्या उंचीची केली आहे.

तुझा,
दादा


२४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू असा थेट मुळाशीच जातोस. आता ऐक.

पॉलिशच्या चाकाची थरथर अठ्ठावीस वर्षं हातांत शिरत राहिली. चाक बंद झालं, पण थरथर तशीच राहिली. डॉक्टर म्हणाले, ही आता जायची नाही, हिच्याबरोबर राहायला शिका. मी शिकलेय. बटणांची पोलकी सोडली, पातेली दोन्ही हातांनी उचलते, जेवताना ताट तोंडाशी धरते. एकटीला काय, कोण बघतंय? पण चमचा तोंडापर्यंत जाईतो निम्मा रिकामा होतो, आणि बारीक मुठीचा असला तर ताटावर वाजत राहतो.

भिंगरीच्या सासूबाई कशा आहेत तुला माहीत आहे. हात पुसायचा रुमालसुद्धा चौकोनी घडी करून ठेवतात. त्यांच्यासमोर मी तुझ्या नव्या टेबलावर सांडू? लाखो काटे-चमचे मी आरशासारखे करून मोठमोठ्या टेबलांवर पाठवले. त्याच बाईला चमचा धरता येत नाही, हे मला कुणाला दाखवायचं नाही. लाज वाटते मला, दादा. घे, लिहिलं एकदाचं.

आणि एक. माझ्यासाठी म्हणून निळ्या दोऱ्याचे जाड मुठींचे घ्याल तर याद राखा. पांढरे सगळ्यांत चांगले आहेत, तेच घ्या. तुझ्या टेबलावर अर्धवट कामाचा काटा मी मांडू देणार नाही. मला हेकट म्हण हवं तर. तू कोणता कमी आहेस?

खुर्चीवर कुणाला तरी बसव. लोभ आहेच, तो काही खुर्चीवर अवलंबून नाही.

तुझी,
चिमणी


४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी संतापाने लिहिते आहे, तेव्हा अक्षराला माफी असावी.

तू म्हणालीस तेच पांढरे घेतले. बारा जणांचे काटे, चमचे, सुऱ्या परवा आल्या. मी एकेक पुसून टेबलावर मांडल्या आणि काय सांगू तुला, खोली एकदम मोठ्या घरची वाटायला लागली. आई दारात उभी राहून नुसती बघत होती. मी वाचनालयात कामावर गेले, संध्याकाळी परत येते तर अकराच! बारावा काटा, चमचा आणि सुरी बाबांच्या कामाच्या बाकावर शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळलेली, आणि मुठी करवतीने कापलेल्या. कोऱ्या करकरीत! मला रडूच कोसळलं.

बाबांवर काही परिणाम नाही. म्हणाले, हलकी पटाशी हातात उडते, जड पटाशी बसते, हे काल शिकायला लागलेल्या माणसालाही कळतं. टेबलाचं उरलेलं शिसवी लाकूड घेऊन त्यांनी पटाशीला करतात तशा गलेलठ्ठ मुठी केल्यात, आतून पितळेचा गज घातलाय आणि कापून उरलेले पुढचे भाग त्यात ठोकून बसवलेत. तुझं पत्रही मला तेव्हाच दाखवलं. आत्या, ते वाचून मी अजून एकदा रडले, पण ते वेगळं.

पार्सलमध्ये ते तिन्ही आहेत. पाठवून दे आणि वर काही लिहू नकोस, अशी मला बाबांची ताकीद आहे. मी काय काय लिहिलंय ते तू बघतेसच. मुठी बोजड आहेत, सांध्यापाशी गोंद दिसतोय आणि बाबांना आपण काय अजोड केलं असं वाटतंय.

माझ्यावर लोभ ठेव, त्यांच्यावर चार दिवस ठेवू नकोस.

तुझी,
भिंगरी


१० मार्च

ती. दादास,
नमस्कार. आज नमस्कारापुढचं सगळं रागाचं आहे.

तू सुतार आहेस हे मला माहीत होतं, कसाई आहेस हे नव्हतं. चढवलेला थर करवतीने कापतात? कापलेल्या कडेत पाणी शिरलं की थर पापुद्र्यासारखा उचलला जातो. विचारायचंस तरी! पार्सल उघडलं तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, लहान मुलाला देतात तसा हा चमचा मला दिलाय. बांधून ठेवलं सगळं, परत पाठवायला.

मग दुपारी वाटलं, वजन तरी बघू. वाडग्यात पाणी घेतलं आणि चमच्याने पिऊन बघितलं. पहिला चमचा सांडला नाही. दुसरा नाही. दादा, मी अख्खं वाडगं चमच्याने संपवलं. पाण्याचं! कुणी बघितलं असतं तर वेडी म्हटलं असतं. नवव्या चमच्याला थोडं सांडलं, ते माझ्या हसण्यामुळे.

पण असलं ओबडधोबड काम घेऊन मी चारचौघांत बसणार नाही. गोंद खरवडला, कापलेली कड कानशीने उतरवली, सांध्यावर लाखेचं बारीक वळं भरलं आणि तिन्ही मुठींना मेण दिलं. हात हलत होता, म्हणून कापड टेबलाच्या कडेला बांधलं, कोपर टेकवलं आणि मूठच कापडावर फिरवली. चाकावर तरी आम्ही दुसरं काय करायचो? चार दिवस लागले. पूर्वी मी असे दिवसाला शंभर काढले असते, पण आता सांधा कुठे आहे ते नखाला लागत नाही. तुझं लाकूड चांगलं आहे, तेवढं कबूल करते.

१४ तारखेच्या सकाळच्या गाडीने निघते. स्टँडवर ये.

राग संपला. लोभ होता तिथेच आहे.

तुझी,
चिमणी


१८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून घरात तुझ्याशिवाय विषय नाही. सासूबाईंनी काल फोन करून पुन्हा तेच विचारलं, त्या मुठी कुठे मिळतात. जेवताना त्यांनी विचारलं आणि नेमका तेव्हाच तुझा चमचा ताटावर वाजला, सूप सांडलं. मी सावरायला उठतच होते. तोवर तू सरळ सांगून टाकलंस की हात चाकाने थरथरतात, मूठ दादाने केली आणि वर हात मी फिरवलाय. आणि बाबा! चार वाक्यं एका दमात न बोलणारा माणूस, उभा राहिला आणि तुझा काटा हातोहात सगळ्यांकडे फिरवला. म्हणाले, सांध्यात फट शोधून दाखवा, माझ्या बहिणीचं काम आहे. माझ्या सासऱ्यांनी चष्मा बदलून बघितलं. त्यांना सापडली नाही. बाबांची छाती एवढी फुगली की टेबलाचंसुद्धा त्यांना एवढं कौतुक नव्हतं.

माझ्या मनात आलंय की उरलेल्या अकरांनाही तशाच मुठी करून घ्याव्या. बाबा तयार आहेत. सगळ्यांच्या सारख्या झाल्या की बरं. तुला काय वाटतं?

उत्तर लवकर टाक, लोभ त्याच पाकिटात घाल.

तुझी,
भिंगरी


२२ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राचं मी पारायण केलं. फट सापडली नाही ही ओळ शेजारच्या बाईंनाही वाचून दाखवली. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण मी चहा केला म्हणून त्यांनी मान डोलावली. कप भरून केला होता, थोडा बशीत सांडला. बशी त्यासाठीच असते.

अकरांना मुठी लावायच्या नाहीत. तुझा हेतू माझ्या लक्षात आला, पोरी. सगळ्या सारख्या झाल्या की माझी वेगळी दिसणार नाही. महिन्याभरापूर्वी हे सुचवलं असतंस तर मी तुला कडकडून मिठी मारली असती. आता नको. सासूबाईंना हव्या असतील तर दादाने त्यांना खुशाल करून द्याव्यात, पण तुझ्या टेबलावर नकोत.

कारखान्यात आमचं सगळं कसब एकाच गोष्टीत होतं, प्रत्येक चमचा शेजारच्या चमच्यासारखा दिसला पाहिजे. जरा वेगळा निघाला की तपासनीस तो बाद करायचा. अठ्ठावीस वर्षांत मी जे काही केलं त्यातला एकही नग मला आज ओळखता येणार नाही. हा येतो. बाराजणांत बसला तरी लांबून दिसतो, आणि तो बाद नाही. त्या दिवशी तुझे सासरे चष्मा बदलून बघत होते ना, तेव्हा मला वाटलं, बघा, नीट बघा, हे मी केलंय.

दिसू दे त्याला वेगळा. माझ्या जागेवर मांडून ठेव. पुढच्या महिन्यात मी जेवायला येते आहे, आणि यावेळी सूप जरा जास्त कर.

लोभ आहेच, भूक घेऊन येते.

आत्या