काट्याला टांगलेली मुलगी

आई, परवा मेट्रो बदलत बदलत फरीदाबादला गेले आणि रेल्वेलाइनच्या पलीकडच्या तुझ्या वस्तीत जाऊन आले. अंगणवाडी अजून आहे. दारात चपलांचा ढीग, आत दलिया शिजल्याचा वास, आणि कोपऱ्यात आकडे उजळणारा नवा वजनकाटा. एक तरुण आई सेविकेशी चांगली हमरीतुमरीवर आली होती, "दीदी, ठीक से तौलो ना, पिछली बार कम लिख दिया था." मला तिथेच हसू फुटलं. याच वस्तीत काटा दिसला की बायका मुलांना पदराखाली घ्यायच्या, आणि आता वजनावरून भांडतायत! तुला हे सांगितल्याशिवाय राहवेना.

तू अंगणवाड्यांवरची सुपरवायझर. बाबा दिल्लीतल्या मंत्रालयात कारकून, पण ते म्हणायचे, "खरं सरकार आमच्या स्वयंपाकघरात आहे." कारण अंगणवाडीत वाटायच्या पंजिरीचं, त्या भाजलेल्या गोड पिठाचं, नवं पोतं आलं की त्यातली मूठभर आधी आमच्या ताटात पडायची. मी एकदा तोंड वाकडं केलं, "भुशासारखी लागते," तर तू ओरडली नाहीस, चमचाभर स्वतः खाल्लीस आणि म्हणालीस, "बिल्कुल बरोबर. उद्या परत पाठवते." आणि खरंच परत पाठवलीस, ऑफिसात सगळ्यांचा रोष ओढवून घेऊन. लोकांच्या मुलांना द्यायचं ते आधी आपल्या घशाखाली उतरलं पाहिजे, हा तुझा नियम होता. माझी त्यात किती फरफट झाली ते सोड.

तेव्हा नवी सेक्टरं उभी राहत होती आणि ती बांधणारे, नव्या कारखान्यांत राबणारे लोक रेल्वेलाइनच्या कडेने झोपड्या टाकून राहत होते. त्यांची वस्ती कुठल्याच नकाशावर नव्हती, म्हणून तिथे अंगणवाडीही नव्हती. पोटुशी बाई असो की दोन वर्षांचं मूल, त्यांच्या वाट्याला काहीच नाही. तू ऑफिसात धरणं धरल्यासारखी बसलीस, तेव्हा साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत पुरेशा मुलांची नावं वजनासकट द्या, मंजुरी देतो. पण वजन करू देणार कोण? "मैडम, बच्चे को तौलने से नज़र लगती है," असं प्रत्येक दारातून ऐकू यायचं. तू वाद घातला नाहीस. रविवारी मला घेऊन गेलीस.

सात वर्षांची असले तरी मी हाडांची मोळी होते, त्यामुळे त्या तान्ह्या मुलांच्या काट्याला मी चालले. लिंबाच्या फांदीला तो घड्याळासारखा काटा, खाली चड्डीसारखी कापडी झोळी, तीत मी, पाय लोंबकळतायत आणि सगळी वस्ती बघतेय. बायका तोंडाला पदर लावून हसतायत. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालेलं. तू मोठ्याने वजन वाचून दाखवलंस. तेवढ्यात एका म्हातारीने पुढे येऊन स्वतःच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि माझ्या गालाला तीट लावली. ती तुला म्हणाली, "अगले इतवार बिटिया को फिर लाना. भली-चंगी रही तो हम भी तुलवा लेंगे."

पुढच्या रविवारी सकाळी मला ताप आला. थर्मामीटरमध्ये एकशे दोन. तू माझ्याकडे क्षणभर बघत राहिलीस, बाबांना मीठपाण्याच्या पट्ट्या ठेवायला सांगितल्यास आणि एकटीच गेलीस. तिथे काय झालं ते मला तुझ्या मदतीला आलेल्या, दुसऱ्या अंगणवाडीच्या सेविकेने फार वर्षांनी सांगितलं. बायका मुलांना घेऊन उभ्या होत्या. "बिटिया कहाँ है?" आजोळी गेलीय म्हटलं असतंस तर कोण बघायला येणार होतं? महिना संपायला दोन दिवस होते. पण तू म्हणालीस, "उसे बुखार है." बायका मागे सरकल्या, तर तू म्हणालीस, "बुखार बच्चों को आता है. तुमसे झूठ बोलकर तुम्हारे बच्चे नहीं तौलूँगी. जिसे देखना है, मेरे घर चलो."

ती म्हातारी खरंच तुझ्याबरोबर घरी आली. मी गळ्यापर्यंत चादर ओढून पडले होते. तिने माझ्या कपाळावरची पट्टी उचलली, तळवा ठेवला आणि बराच वेळ माझ्या डोळ्यांत बघितलं. मग तुझ्याकडे वळून म्हणाली, "उतर गया. नज़र का होता तो इतनी जल्दी उतरता क्या?" संध्याकाळपर्यंत तुझा वजनांचा तक्ता भरला होता, आणि त्या म्हातारीच्या नातीचं नाव सगळ्यात वर होतं.

आई, माझ्या ऑफिसात, सोसायटीत, माझ्या मुलीला, मी ही गोष्ट किती वेळा सांगितली असेन! तुझा किती अभिमान वाटतो सांगू? हातातोंडाशी आलेली मंजुरी जात असताना तू त्या बायकांशी खोटं बोलली नाहीस. परवा तिथल्या सेविकेलाही सांगितली, तिचे डोळे भरून आले. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून तुझ्या जुन्या डबीत, त्याच थर्मामीटरशेजारी ठेवणार आहे. मला पुन्हा त्या झोळीत बसायचं नव्हतं गं. त्या सकाळी तू पोळ्या लाटत होतीस तेव्हा मी तो थर्मामीटर दुधाच्या गरम पेल्याला टेकवला होता. आणि गोष्ट सांगताना मी अजूनही, परवासुद्धा, मला ताप आला होता असंच सांगते.